अंबाडी घेऊन गिंडीला

परत आल्यावर गावात ज्यानं त्यानं विचारलं, बालाजीला जाऊन आलात का. आमच्याकडून त्या दिशेला माणूस जातो तो बालाजीलाच. मी म्हणायची, नाही हो, चेन्नईला गेले होते, संडासाचं दार करायला शिकायला. मग लोक हसायचे. हसू द्या. पण आमच्यातलं तिकडं दुसरं कुणी गेलेलं नाही, म्हणून नीट सांगते.

आमचं गाव वसमतच्या पलीकडं. धंदा पिढीजात दोर वळायचा. अंबाडीची भाजी सगळा मराठवाडा खातो, पण भाजी खाऊन झाल्यावर झाडाचं काय होतं ते आम्हाला विचारा. धाटं कापायची, ओढ्यात कुजत घालायची, साल सोलायची. सालीतून लांब धागा निघतो, त्याला वाख म्हणतात. त्याचेच दोर, कासरे, बाजेची वीण. नायलॉन आलं आणि दोराला कुणी विचारेना.

माझे मालक, नामदेव मिस्त्री, गवंडीकाम करायचे. एका संस्थेनं त्यांना दोन महिने चेन्नईला पाठवलं होतं. तिथं गिंडी म्हणून कारखान्यांचा भाग आहे. तिथल्या एका लहान कारखान्यात नारळाच्या काथ्याचे, केळीच्या धाग्याचे तक्ते करतात. धागा साच्यात पसरायचा, वर रेझिन म्हणून मधासारखा घट्ट रस ओतायचा, दाबून ठेवायचं. तयार होतो तो तक्ता लाकडाला भारी. वाळवी लागत नाही, पाण्यानं कुजत नाही. मालक शिकून आले आणि म्हणाले, काथ्या कशाला हवाय, आपल्या दारात अंबाडी आहे की. ओढ्याकाठी पत्र्याची शेड घातली आणि गवंडीकाम सांभाळून अंबाडीची दारं करायला लागले. न्हाणीची, संडासाची, अंगणवाडीची. लोक आधी हसले, मग घेऊन गेले.

तीन वर्षांमागं ते गेले. चार दिवस ताप आला, तेवढंच निमित्त. शेड मी चालू ठेवली. वाख आधीपासून माझाच असायचा, ओतायचं कसं ते बघून ठेवलं होतं. साचा तोच, रस तोच, मापं तीच. आणि माझी दारं फुगायची. पाऊस लागला की खालची कड सुटायची, पापुद्रे निघायचे. त्यांची दारं सात-सात वर्षं झाली तरी ताठ उभी होती, आणि माझी एका पावसात गेली. शाळेत मुलींच्या संडासाला चार दारं मी बसवली होती. मुली दाराच्या जागी ओढणी बांधायला लागल्या. हेडबाई म्हणाल्या, "कौसल्याबाई, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चांगली द्या. नाहीतर पत्र्याची घेऊ."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण पत्र्याची दारं बसली की शेड बंद होणार, आणि शेड बंद झाली की नामदेव मिस्त्री नावाचा माणूस होता, त्यानं काहीतरी करून दाखवलं, हेच मिटणार. पोरगी सासरी, पोरगा पुण्याला. माझ्याकडं त्यांचं म्हणून काय उरलं होतं? ती शेड.

त्यांच्या जुन्या वहीत चेन्नईचा एक नंबर सापडला. बूथवरून फोन लावला. हिंदी बोलू का काय बोलू अशा घोळात असताना पलीकडून म्हातारा आवाज आला, "नामदेव मेस्त्रीचं कुटुंब काय तुम्ही? या. घर आहे, जागा आहे. या तुम्ही." मराठी होतं. कुठलं मराठी ते मात्र कळेना. दोन हजार सात सालचा मे महिना होता. पिशवीत फुगलेल्या दाराचा एक तुकडा आणि माझ्या हातच्या वाखाच्या सहा जुड्या घेऊन मी गाडीत बसले.

मैलापूर

ते म्हणजे वेंकोबाराव. तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांमागं त्यांचे लोक तिकडं गेले ते गेलेच. वय सत्तरीला आलेलं, पण गिंडीच्या कारखान्यात अजून फोरमन. मैलापुरात देवळामागच्या गल्लीत त्यांचं वरच्या मजल्यावर घर. त्यांची बायको गंगाबाई दारातच उभी होती. नऊवारी नेसलेली, पण आपल्यासारखी नाही, आणि केसात ही भली मोठी मोगऱ्याची वेणी. मी विधवा बाई, बिनफुलाच्या केसांची. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझी पिशवी स्वतः उचलली.

"बैसा. उभं कशाला राह्यचं? काप्पी घ्या."

चहा मिळेल का असं विचारायची छाती झाली नाही. कॉफी पितळी पेल्यात आली, खाली वाटी. या पेल्यातून त्या वाटीत, वाटीतून पेल्यात, अशी हातभर उंचीवरून ओतायची म्हणे, गार करायला. आणि ओठ न लावता वरून प्यायची. मी पहिला घोट तोंडात घेतला, दुसरा गळ्यावर, तिसरा पातळावर. गंगाबाई तोंड फिरवून हसली. मग म्हणाली, "लावा हो ओठ. आपलंच घर ना."

मी बिचकत होते ते कॉफीला नाही. आमच्याकडं असल्या घरात मला ओसरीवर बसवलं असतं, आणि मी बसलेही असते. तिकडं गंमत अशी की सगळेच राव. आडनाव लावायची रीतच नाही, त्यामुळं आडनावावरून कुणी अंदाज बांधायचा प्रश्न मिटला. पण लपवून जेवायचं मला पटेना. मी आपणहून सांगितलं, आम्ही दोर वळणारे, आमच्याकडं आम्हाला स्वयंपाकघरात घेत नाहीत.  गंगाबाईचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगू. मग म्हणाली, "माझी सासू असती तर मला धाडस झालं नसतं. आता मीच सासू." आणि पाट तिच्याशेजारी मांडला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर भाजी आणायला गेले आणि बाजारात जागच्या जागी थांबले. अंबाडी! लाल देठांची, कोवळी, टोपलीभर. तिकडं तिला पुळिच्च कीरै म्हणतात. दोन दिवस माणसांचं बोलणं कळेना, अक्षरं कळेनात, आणि इथं ओळखीचं कुणीतरी भेटलं. मी विकणाऱ्या बाईला गंगाबाईकरवी विचारलं, झाड मोठं झाल्यावर धाटांचं काय करता? ती म्हणाली, उपटून टाकतो. मला हळहळ वाटली. केवढा वाख वाया जातो.

पण त्याच बाजारात फुलवाल्या बायकांनी मला गप्प केलं. केळीच्या सोपटाचा ओला धागा, एक टोक पायाच्या अंगठ्यात, आणि मोगऱ्याच्या चार-चार कळ्यांना फास टाकत जायचं. सुई नाही, गाठ दिसत नाही. मी आयुष्यभर धाग्याचं काम केलेली बाई, मी खाली बसून बघितलं, तरी तो फास मला उमगला नाही. ती बाई मला दाखवायला म्हणून सावकाश करायला लागली तर तिचंच चुकायला लागलं. आम्ही दोघी हसलो. तिनं मला वितभर माळ दिली. मी ती हातातच ठेवली, केसात कुणासाठी माळणार. घरी आल्यावर गंगाबाईनं ती देवाला घातली.

त्या दिवशी तिनं आंबट भाजी केली. आमच्यासारखीच, फक्त लसूण नाही, आणि तूरडाळ जास्त. भाकरी नव्हती, भात होता. मी दोन घास खाल्ले आणि मला मालकांची आठवण आली. चेन्नईहून आले तेव्हा पहिल्या जेवणाला म्हणाले होते, भाजी तिकडंही मिळते, पण तुझ्या हाताची नाही. मी म्हटलं होतं, पुरे झालं, गोड बोलायला शिकून आलात.

गिंडी

कारखाना म्हणजे काय मोठा नाही. आमच्या शेडच्या तिप्पट. आजूबाजूला सगळी लेथ मशिनं, ठोकाठोकी, आणि मध्येच काथ्याच्या गासड्या रचलेल्या. रेझिनचा वास आला आणि माझे पाय थांबले. हा वास त्यांच्या शर्टाला असायचा. तीन वर्षं शेडमध्ये मीही तेच रेझिन ओतत होते, पण आपल्या हाताच्या वासाची सवय होते. इथं परक्या ठिकाणी तो एकदम अंगावर आला. मी गासडीला धरून उभी राहिले. 

त्यांचं काम देवपूजेसारखं. वाखाला ते नार म्हणतात. नार आधी तोलायचा, मग लोखंडी कपाटात गरम हवेत वाळवायचा, कारण चेन्नईच्या हवेत पाणीच फार. बाहेर कत्तिरी म्हणजे तिकडचा सगळ्यात कडक उन्हाळा, माणूस उभ्या उभ्या भिजतो. आमचं ऊन भाजतं, त्यांचं ऊन शिजवतं. वाळलेला नार साच्यात हातानं पसरायचा, कुठं जाड कुठं पातळ नको. मग रस, मग रूळ फिरवून हवा काढायची, मग दाब.

माझा फुगका तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. चष्मा लावून कड बघितली, नखानं टोकरली.

"मेस्त्री असा माल करत नव्हते," म्हणाले.

"ते माहीत आहे मला," मी म्हटलं. "त्यासाठीच तर आले."

त्यांना माझा सूर आवडला नसावा. मलाही आवडला नाही. पण तीन वर्षं हेच ऐकत होते मी. गाव तेच म्हणायचं, हेडबाई तेच म्हणायच्या.

तीन दिवस त्यांनी मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. रसाचं माप तपासलं, बरोबर. दाब तपासला, बरोबर. म्हणाले, ओल असेल नारात. माझा वाख त्यांच्या कपाटात वाळवला. त्याचा नवा तक्ता मी माझ्या हातानं केला, दिसायला असा सुंदर की बाकीचे कामगार येऊन हात फिरवून गेले. "नल्ला इरुक्कु," म्हणाले, छान आहे. शनिवारी त्याचा एक तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकला. ही त्यांची परीक्षा. दोन तास उकळायचा. टिकला तर दार पावसात टिकतं.

पाऊण तासात कड उलली. दोन तासांनी बाहेर काढला तर हातात पापुद्रे आले. वेंकोबारावांनी एक धागा ओढला, तो अल्लाद निघाला, रसाचा एक कण त्याला चिकटलेला नव्हता.  मग म्हणाले, उद्या आदित्यवार, सुट्टी. सोमवारी बघू.

मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा. एवढ्या लांब येऊन मी तेच फुगकं दार केलं होतं.

तिरुवल्लिकेणी

रविवारी मी गंगाबाईला म्हटलं, हे इथं कुठं राहायचे ते मला दाखवा. ती म्हणाली, तिरुवल्लिकेणीत, मॅन्शनमध्ये. मला वाटलं मॅन्शन म्हणजे हवेली. निघाली चार मजली चाळ. एकट्या पुरुषांची. खोलीत तीन-तीन खाटा, जेवण खालच्या मेसमध्ये.

बसनं गेलो. तिकडं कंडक्टर उठतच नाही. मागच्या दाराशी आपल्या जागेवर बसून राहतो आणि लोक पैसे हातोहात मागं पाठवतात. मला काय माहीत. एका बाईनं माझ्या हातात पाच रुपये ठेवले. मी म्हटलं, "अहो बाई, मला कशाला?" आणि परत दिले. तिनं पुन्हा दिले. मी पुन्हा परत. आमची अशी देवाणघेवाण चालली तेव्हा अख्खी बस बघायला लागली. गंगाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनंच ते पाच रुपये घेऊन मागं सरकवले. वीस माणसांच्या हातातून तिकीट आणि सुटे पैसे बरोबर त्या बाईकडं आले. आमच्याकडं तिकीट आलं असतं, सुट्यांची खात्री मी देत नाही.

मॅन्शनचा दरवान वर सोडेना. बायकांना बंदी. गंगाबाईनं त्याला तमिळमध्ये बरंच सुनावलं, त्यात माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगितलं. तो नरमला, पण म्हणाला, नियम आहे अम्मा. खोली तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडची, एवढं तिला आठवत होतं. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून वर बघत राहिले. प्रत्येक खिडकीत लुंग्या वाळत होत्या. कुठली त्यांची, कसं कळणार? तिसऱ्या मजल्यावर सहा खिडक्या होत्या. मी सहाही नीट बघून घेतल्या.

ते इथं होते तेव्हा मला दर आठवड्याला पत्र यायचं. मी उत्तर दोनदाच लिहिलं. कामं होती, पोरं लहान होती, आणि माणूस दोन महिन्यांत येणारच होता. तेव्हा लिहायला पाहिजे होतं. त्या फुटपाथवर मला तेवढंच वाटत होतं, तेव्हा दर आठवड्याला लिहायला पाहिजे होतं.

तिथून समुद्र जवळ. मी पहिल्यांदाच बघितला. मालकांनी सांगितलं होतं, एकदा तुला दाखवीन, बघशील तर बोलायची थांबशील. गंगाबाईनं विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, मोठा आहे. पण खरं सांगते, मला आवडला नाही. शेजारी ज्याला म्हणायचं, अहो हे बघा, तो माणूस नसेल तर एवढ्या पाण्याचं काय करायचं? मी पाय भिजवले आणि चला म्हटलं.

पुन्हा गिंडी

सोमवारी सकाळी वेंकोबाराव माझ्या आधी येऊन बसले होते. टेबलावर माझ्या उरलेल्या जुड्या ठेवलेल्या. एक जुडी त्यांनी उचलली, दोन बोटांत चोळली आणि नाकाला लावली.

"तेल?"

"हो. करडईचं," मी म्हटलं. "विंचरताना बोटभर लावते."

हे मी अभिमानानं सांगितलं. आमच्या घराण्याची रीतच ती. बिनतेलाचा वाख कुसळासारखा टोचतो, तळहात सोलून काढतो. तेलाच्या हातानं विंचरला की रेशमासारखा होतो, दोर गुळगुळीत वळतो. पाच गावांत माझ्यासारखा वाख कुणाचा नाही.

वेंकोबारावांनी जुडी खाली ठेवली. "दोराला चांगलं. तक्त्याला विष. तेल लागलेल्या नाराला रस धरत नाही, अम्मा. वरून सुंदर दिसतं, आत सगळं सुटं."

मला आधी पटलंच नाही. मी म्हटलं, "असं कसं? त्यांच्याही दाराला माझाच वाख होता. हाच. तेल लावलेला."

तेव्हा ते चष्मा काढून पुसायला लागले, आणि मला कळलं की यांना काहीतरी आठवलंय.

"मेस्त्रीनं फोन केला होता," ते म्हणाले. "इथून गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी. राव, तक्ता फुगतो. मी विचारलं, नाराला तेल लागतं काय? म्हणाले, लागतं, घरात लावतात. मी म्हटलं, लावू नका म्हणून सांगा. तर म्हणाले, ते नाही सांगणार. दुसरा उपाय सांगा. मग मी धुण्याचा सोडा सांगितला. कढत पाण्यात सोडा, त्यात नार भिजवायचा, दोनदा धुवायचा, वाळवायचा. तेल जातं. मी तर विसरूनच गेलों होतों."

मी संध्याकाळी जुड्या शेडमध्ये नेऊन द्यायची. सकाळी पोरांचं आवरून, भाकरी घेऊन जाईपर्यंत वाख दोरीवर वाळत पडलेला असायचा. मी समजायची, उन्ह दाखवतात. ते गेल्यावर मीही रोज नेमानं उन्ह दाखवत होते.

सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस माझ्या हातचा वाख पहाटे धुवून काढत होता, आणि माझ्यासमोर म्हणायचा, तुझ्यासारखा वाख कुणाचा नाही. का नाही सांगितलं? माझ्या तोंडाला भिऊन? मी फटकळ आहे, मान्य. पण मी काय खाल्लं असतं त्यांना? एकदा सांगितलं असतं तर शाळेची दारं गेली नसती, तीन वर्षं मी वेड्यासारखी मापं तपासत बसले नसते. त्या कारखान्यात, परक्या माणसांसमोर, मला त्यांच्याशी कडाकडा भांडावंसं वाटलं. मी त्यांना जन्मात कधी मेल्या म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तोंडावर आलं आणि म्हणता येईना.

"सांगायचं की हो एकदा," मी मोठ्यानं म्हटलं. वेंकोबारावांना वाटलं मी त्यांना म्हणतेय. ते म्हणाले, "चुकलं माझं."

"तुमचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही काम सांगा."

त्यांनी सांगितलं, तेल सोडून द्या, सोपं पडेल, सोड्याची भानगडच नको. मी त्यांच्याकडचा केळीचा आणि एका गासडीतला अंबाडीसारखाच कोरा धागा घेतला आणि बिनतेलाचा विंचरायला बसले. पंचेचाळीस वर्षांची मी, आणि पहिल्या दिवशी पोरीसारखी हात झटकत होते. दुसऱ्या दिवशी तळहातांवर बारीक चिरा पडल्या, तिसऱ्या दिवशी कॉफीचा गरम पेला धरवेना. गंगाबाईनं खोबरेल लावायला आणलं, तर मीच नको म्हटलं. आता तेलाचं नाव काढू नका, वेंडाम, म्हणजे नकोच. ती हसली, पण माझे हात बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी तुकडा उकळायला टाकला. मी पातेल्याशेजारून हलले नाही. पाऊण तास झाला, एक तास झाला, दोन तास झाले. वेंकोबारावांनी चिमट्यानं बाहेर काढला, टेबलावर ठेवला, पक्कड घेऊन धागा ओढला. धागा तुटला, पण निघाला नाही.

"हे मेस्त्रीचं दार," ते म्हणाले.

आल्यापासून हेच ऐकायची माझी इच्छा होती. आनंद झाला, पण फार वेळ टिकला नाही. तीन वर्षं रोज मी त्यांना मनात विचारत होते, अहो, काय चुकतंय? आता विचारायला काही उरलं नाही, असं वाटलं.

वसमत

घरी आल्यावर शेडमधल्या पाच बायकांना सांगितलं, आजपासून तेल बंद. त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या हातांकडं बघितलं आणि कामाला लागल्या. पण आधीचा तेल लावलेला बराच वाख पडून होता, तो टाकून थोडाच देणार. धुण्याचा सोडा आणायला मी बन्सीशेठच्या दुकानात गेले. पाच किलो द्या म्हटलं.

बन्सीशेठ तोलता तोलता म्हणाले, "मिस्त्री न्यायचे तसा? पुन्हा चालू केलं वाटतं."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दर पंधरवड्याला न्यायचे, माहीत कसं नसेल. मी एकदा चेष्टेनं विचारलं, मिस्त्री, लाँड्री काढली काय? तर म्हणाले, घरी वाखाला तेल लावतात, ते काढावं लागतं. मी म्हटलं, मग लावूच नका म्हणा की. तुमचं तेल वाचेल, सोडा वाचेल."

"मग काय म्हणाले?"

बन्सीशेठनं पुडा बांधला. माझा हात पुढं होता, तळहातावरच्या चिरा त्यांना दिसल्या असाव्यात, कारण पुडा त्यांनी हातात न देता पिशवीत ठेवला.

"म्हणाले, तेल सोडलं तर तिचे हात चिरतात, शेठ. माझे चालतात."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. बन्सीशेठनं पाणी दिलं, घाम आला असेल म्हणाले, ऊन फार आहे.

दुसऱ्या दिवशी बायकांना सांगितलं, तेल लावा. पहिल्यासारखंच लावा. सोड्याचं मी बघते. त्यांना कारण सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, हात सुटले म्हणून खूश झाल्या. मी पहाटे एकटी शेडवर जाते, हौदाशेजारी चूल पेटवते, कढत पाण्यात सोडा घालते, जुड्या बुडवते, दोनदा धुते आणि दिवस वर यायच्या आत दोरीवर टाकते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चारही दारं बसवली. सगळा पावसाळा गेला, एकाचीही कड सुटली नाही. हेडबाईंनी आणखी दोन सांगितली आहेत.

सोड्याचं पाणी मात्र वाईट. आठ दिवसांत माझ्या हातांची सालं निघायला लागली, बोटांच्या पेरांपर्यंत. त्यांच्या हातांची कायम अशीच निघायची. जेवताना मला दिसायचं, आणि मी सिमेंटला शिव्या द्यायची.